माळ्यावरचे २१४ सैनिक आणि तुझं एक्सेल

पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, वय ४१, मुलुंडला राहतो, नोकरी बँकेत. लॉकडाऊनमध्ये मिनिएचर वॉरगेमिंगचं, म्हणजे छोटे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळायचं वेड लागलं, तेव्हापासून बॉक्स घेत गेलो. माळ्यावर आज २१४ फिगर्स आहेत, २८ एमएम उंचीच्या, मेटल-प्लास्टिक मिक्स. अर्ध्या आपल्याकडच्या पगडीवाल्या, बाकी ब्रिटिश लाल कोटवाले आणि थोडे ऑर्क, म्हणजे काल्पनिक राक्षस. पूर्ण रंगवलेल्या ११. यंदा एक्सेल केलंय, बारा महिन्यांत सगळ्या संपवायच्या आणि पुढच्या १४ जानेवारीला पानिपत मांडायचं. वेळ मिळतो मंगळवारी रात्री दीड तास आणि रविवारी सकाळी दीड तास. गेल्या जुलैत दहा मावळ्यांना स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, मारला तर ते सँडपेपरसारखे खरखरीत झाले, तेव्हापासून ब्रशच धरला नाही. आईने वैतागून बॉक्स माळ्यावर टाकलेत, बायको काही बोलत नाही. आणि खरं सांगायचं तर खेळायला कोणीच नाही. लेक नऊ वर्षांची, तिला थोडा इंटरेस्ट आहे. प्लॅन जमेल का? ता. क. ऑफिसच्या पत्त्यावर अजून एक बॉक्स आलाय, घरी सांगू का?
— माळ्यावरचा पेशवा"

अरे पेशव्या, ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करतेय, चालवून घे.

बँकेत असून तू हा हिशोब कसा केला नाहीस तेच मला कळत नाहीये. २०३ फिगर्स उरल्यात. २८ एमएमचा एक पायदळवाला टेबलावर ठेवण्याइतका नीट रंगवायचा म्हणजे साफ करणं, चिकटवणं, प्रायमर, रंग, वॉश (चुण्यांत साठणारा पातळ रंग), बेस (पायाखालची चकती) सगळं धरून दीड तास सहज जातो, घोडेस्वार असेल तर डबल. म्हणजे झाले तीनशेच्या वर तास. तुझ्याकडे आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाचे १५६, आणि तेही कागदावर. आता त्यातून मार्च क्लोजिंग काढ, लेकीची परीक्षा काढ, मेमधलं गाव काढ, गणपती काढ, दिवाळी काढ, दोन लग्नं आणि एक व्हायरल ताप तर ठरलेलाच. माझ्या अनुभवात ५२ आठवड्यांतले ३६ हाती लागतात. म्हणजे १०८ तास. तुझं एक्सेल फेब्रुवारीतच लाल व्हायला लागणार आणि एकदा लाल झालं की तू ती फाइल उघडणार नाहीस, मी पण नाही उघडायचे.

आणि पानिपत! अरे, नुसत्या मराठ्यांच्या बाजूला चाळीस-पन्नास हजार लढणारे धरतात. एक फिगर म्हणजे शंभर माणसं असं मानलंस तरी एका बाजूलाच चारशे-पाचशे फिगर्स लागतात, समोर अब्दाली, त्याचे रोहिले, शुजाउद्दौला हे सगळे वेगळेच, आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफा ठेवायला जागा पाहिजे ती अजून वेगळी. मुलुंडच्या हॉलमध्ये २८ एमएमचं पानिपत मांडायचं म्हणजे सोफा गच्चीवर न्यावा लागेल. करायचंच असेल कधी तर ६ एमएममध्ये कर, एकेका पट्टीवर वीस-वीस माणसं चिकटवून. पण यावर्षी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्याला किती फिगर्स असा प्लॅन करायचाच नाही. एक लढाई धर, एक तारीख धर, आणि त्या दिवशी टेबलावर जे दिसायला पाहिजे तेवढंच रंगव. आणि हे महत्त्वाचं, दोन्ही बाजू तूच रंगवायच्या. परदेशात कसं, एक जण फ्रेंच रंगवतो, दुसरा ब्रिटिश, शनिवारी क्लबात भेटतात. आपल्याकडे समोरचा माणूस कुठून आणणार? मी चार वर्षं एकच बाजू रंगवत बसले होते, सत्तर मराठे झाले आणि लढायला समोर कोणी नाही. शेवटी नवऱ्याने बुद्धिबळातली प्यादी उभी केली समोर. दिसायला इतकं वाईट होतं की विचारू नकोस.

तर तारीख १३ जुलै. पावनखिंड. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निघाले, आषाढातला पाऊस, चिखल, मागे सिद्दी मसूदचे लोक, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले, ही गोष्ट तुला मी सांगायला नको. पण वॉरगेमवाल्याच्या नजरेने बघ जरा. जागा अरुंद, म्हणजे टेबल लहान. तीन फूट बाय दोन फूट बास झालं, डायनिंग टेबल अर्धं उरतं, आईंना डाळ निवडायला जागा राहते. अडवणारे मूठभर. आणि चालून येणारे हजारो असले तरी खिंडीत एका वेळी मोजकेच घुसू शकतात. म्हणून तू फक्त २० शत्रू रंगव आणि नियम कर की जो पडेल तो पुढच्या टर्नला टेबलाच्या मागच्या कडेवरून परत येतो. तेच २० परत परत येत राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला खेळणाऱ्याला खरंच वाटायला लागतं की हे संपतच नाहीयेत. मावळे मात्र पडले की पडले. ते १६ ठेव. कथेत ३०० आहेत, टेबलावर १६ पुरतात.

खेळ संपणार कधी, तर विशाळगडावरून तोफांचे आवाज आले की. पाचव्या टर्नपासून एक डाइस टाकायचा, सहा पडला तर तोफा. सहाव्या टर्नला पाच-सहा चालतील, सातव्याला चार-पाच-सहा, असं वाढवत न्यायचं. कोणालाच माहीत नसतं किती वेळ तग धरायचाय, सगळी मजा त्यातच आहे. हे मी घरी खेळलेय, तोफांचा डाइस टाकायच्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही.

आणि समोर कोण खेळणार हा प्रश्नच येत नाही. कारण मुंबईत नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलीला विचार, सिद्दीकडून खेळतेस का, बघ काय उत्तर येतं ते! कोणीच सिद्दी व्हायला तयार नसतं. म्हणून सगळ्यांनी मावळे घ्यायचे, तू आठ आणि लेक आठ, आणि शत्रू डाइसवर चालवायचा. एक-दोन आला तर थांबतात, तीन-चार-पाचला जवळच्या मावळ्यावर सरळ चालून येतात, सहाला डबल चाल. एवढा सोपा नियम असला की कोणी पाहुणा आला तरी पाच मिनिटांत बसतो खेळायला.

आता वेळेचं. आजपासून १३ जुलैपर्यंत मार्च क्लोजिंगचे आणि मेमधल्या गावाचे आठवडे वजा करून तुला २२ आठवडे मिळतात, म्हणजे ६६ तास. ३६ फिगर्सना ५४ लागतात. उरले १२, त्यात खिंड बनवायची. थर्माकोलचे तुकडे फोडून (कापून नाही, फोडून, म्हणजे दगडासारखं दिसतं), त्यावर फेविकॉल आणि टिश्यू पेपर, मग काळपट राखाडी रंग आणि वरून ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिका रंग. थर्माकोलवर स्प्रे कॅन डायरेक्ट मारू नकोस, विरघळतो. रेती लागली तर चौपाटीवरून उचलून आणू नकोस, खारट असते. बांधकामाची घे, धू, चाळ, वाळव. झालं.

प्रायमरचं जरा सविस्तर बोलू, कारण तू तिथेच अडकलायस आणि चूक तुझी नाही, जुलैची आहे. म्हणजे तुझीच आहे पण माफ. हवेत खूप दमटपणा असताना स्प्रे मारला की पृष्ठभाग गुळगुळीत बसतच नाही, खरखरीत तरी होतो नाहीतर पांढरट तरी पडतो. मॅट व्हार्निशचं तर त्याहून वाईट, रंगवून पूर्ण झालेल्या सैनिकावर पांढरं धुकं. मी एका श्रावणात गॅलरीत बारा घोडेस्वार असे घालवलेत. तीन महिन्यांचं काम, दोन मिनिटांत. त्या दिवशी घरात कोणी माझ्याशी बोललं नाही, बोलायची हिंमत नव्हती कोणाची.

आपल्याकडे मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो असं हवामान खात्याचं सरासरीचं गणित आहे. तुझ्या वर्षाची खरी फाळणी तिथे आहे, १ जानेवारी आणि ३१ डिसेंबरला नाही. स्प्रेचं जे काही असेल ते कोरड्या महिन्यांत उरकायचं. येत्या दोन-तीन रविवारी, सकाळी दहा-अकराला ऊन वर आल्यावर, गच्चीत एक खोका आडवा ठेवून, हातभर नाही पण वीतभर लांबून, झटके देत मारायचा, एकाच जागी धरून ठेवायचा नाही. मेच्या दुपारी पण नको, तेव्हा रंग फिगरवर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि परत तेच खरखरीत. हार्डवेअरवाल्याकडे गाड्यांचा राखाडी प्रायमर मिळतो तो स्वस्त पडतो, फक्त आधी फिगर्स ज्याला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या फ्रेमच्या एका तुकड्यावर मारून बघ. सगळे ३६ आत्ताच प्रायम करून ठेव, मग जूनमध्ये पाऊस आला तरी ब्रशचं काम चालू राहतं. पावसात अगदी गरजच पडली तर ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो, दोन पातळ हात, आणि व्हार्निशही ब्रशनेच. फेविक्विक मात्र दमट हवेत पटकन धरतं, त्याचा फायदा घे, पण थेंब जास्त झाला की भोवती पांढरी भुरभुर येते ती रंगाखाली झाकावी लागते.

आणि ते दहा खरखरीत मावळे फेकलेस तर नाहीस ना? काढ माळ्यावरून. कोरड्या जुन्या टूथब्रशने फक्त तोंड, हात आणि तलवारी घास, वरची भुरभुर निघेल. बाकीचं राहू दे. एम-सीलचे दोन गोळे समसमान मळ, पातळ लाट, आणि खांद्यावरून एकेक पट्टी सोड, टूथपिकने दोन-चार चुण्या पाड कडक व्हायच्या आत. झाली घोंगडी. आषाढाच्या पावसात माणूस घोंगडीशिवाय कशाला बाहेर पडेल? खाली अंगावर जो खरखरीतपणा उरलाय तो घोंगडीच्याच कापडात खपून जातो, वर गडद करड्या रंगावर फिका ड्रायब्रश फिरवलास की लोकर दिसते. तुझे १६ पैकी दहा इथेच झाले की. बेसवर चिखल म्हणून तपकिरी रंगात थोडा फेविकॉल आणि रेती, आणि अगदी शेवटी तेवढ्याच भागावर ग्लॉस व्हार्निश, ओला दिसतो. बाकी सगळं मॅट. पोटऱ्यांवर पण दोन-चार शिंतोडे उडव.

मावळ्यांचे कपडे पांढरेशुभ्र रंगवू नकोस. सगळे नवशिके करतात ते, मग सैनिक नुकताच लाँड्रीतून आल्यासारखा दिसतो. कोऱ्या मांजरपाटाचा रंग आठव, खाकीत थोडा करडा घालून तो खालचा हात, त्यावर वॉश, मग वर फक्त चुण्यांच्या टोकाला फिका रंग. पगड्या एकसारख्या नकोत, हे काही कवायती पलटणीचे लोक नव्हेत.

एकेक सैनिक पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवायचा नाही हे तुला कोणी सांगितलंय की नाही माहीत नाही. लालबागला श्रावणात एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जा, उभा राहा कोपऱ्यात, कोणी हाकलत नाहीत. शंभर मूर्ती ओळीत असतात. एक पोरगा फक्त पीतांबर मारत जातो, पार शेवटच्या मूर्तीपर्यंत, दुसरा मागून सोंडेच्या कडा. आणि डोळ्यांची आखणी मात्र एकच माणूस करतो. मी एकदा बघितलं, त्या काकांनी ब्रश रंगात बुडवला, डाव्या अंगठ्याच्या नखावर टोक फिरवून जास्तीचा रंग काढला, श्वास धरला, एक रेघ. मग श्वास सोडला. मग पुढची मूर्ती. चहा गार झाला होता शेजारी, बघितलं पण नाही त्यांनी. मी घरी येऊन ते नखावर टोक फिरवणं उचललं, तेव्हापासून माझे निम्मे घोटाळे कमी झाले. तर तू पण तसंच, एका वेळी आठ फिगर्स घे, आठांच्या पगड्या, मग आठांची कातडी. आठच. छत्तीस एकदम घेतलेस तर सहाव्या आठवड्यापर्यंत एकही पूर्ण दिसत नाही आणि माणूस कंटाळून रील्स बघत बसतो. आणि डोळे २८ एमएममध्ये काढूच नकोस, दोन फुटांवरून दिसत नाहीत, भुवईखाली गडद वॉश साठला की काम झालं. फक्त बाजींचे काढ.

मंगळवारी रात्री दमून आलेला असतोस, तेव्हा साफसफाई, बेस, असली बिनडोक कामं ठेव. चेहरे रविवारी उजेडात. डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर टाकून वेट पॅलेट करून ठेव म्हणजे मंगळवारचा उरलेला रंग रविवारपर्यंत टिकतो, मिठाईवाल्याकडचा मेणाचा बटर पेपर नको, त्यातून पाणी वर येत नाही. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, वास यायच्या आत पाणी बदल.

१३ जुलैनंतर काय? तर पुढचे तीन महिने सैन्य बंद. अगदी बंद. ५४ एमएमची एकच मोठी फिगर घे, पंधरा तास तिच्यावर घाल. स्प्रे नाही, घाई नाही, बाहेर पाऊस पडतोय, खिडकी लावलेली आहे, चेहऱ्यावरची एक सावली चार वेळा पुसून परत काढ. तुझा हात इथे सुधारेल, सैन्य रंगवून नाही सुधारत, सैन्य रंगवून फक्त स्पीड येतो.

ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की सहा घोडेस्वार. १८ तास. आणि नऊ-दहा तास शिल्लक राहतात ते दिवाळीच्या किल्ल्याला. सोसायटीत पोरं मातीचा किल्ला करतातच, लेकीला सांग यंदा खिंड पण करायची. बाजारातली मातीची चित्रं त्याच्यावर असतातच, महाराज सिंहासनावर बसूनसुद्धा दरवाज्यापेक्षा उंच, शेजारी तेवढाच मोठा वाघ आणि पाणी भरणारी बाई, त्यांचा मान त्यांना राहू दे. तुझे २८ एमएमवाले मागच्या डोंगरावर ठेव, लांबून येणाऱ्या फौजेसारखे दिसतात. संध्याकाळी मात्र उचलून घरी आण. माझी एक तोफ असल्याच किल्ल्यावरून गेली ती गेली.

रेझिन थ्रीडी प्रिंटर घेऊ का, असं पत्राच्या मधेच एका ओळीत विचारलंयस. टूबीएचकेत, घरात आई आणि लहान मुलगी असताना? नको. कच्च्या रेझिनला वास असतो, हाताला लागलं तर त्रास देतं, ग्लव्हज, धुवायला अल्कोहोल, यूव्ही लाइट, हे सगळं ठेवायला वेगळी हवेशीर खोली लागते आणि ती तुझ्याकडे नाहीये.

लाल कोटवाल्यांना आणि ऑर्कांना खाकी टेप लावून माळ्यावरच राहू दे. ब्रिटिशांसाठी असईची लढाई आहेच, २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालन्याजवळची, वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं बघितली आणि इथे उतार असणारच असं ताडून पलटणी पार केल्या. फार सुंदर लढाई आहे मांडायला. पण परत सांगते, यावर्षी नाही. त्या खोक्यावर मार्करने "असई" लिही आणि टेप लाव.

आता ते ऑफिसमधलं पार्सल. सांग घरी. बायको काही बोलत नाही म्हणतोस याचा अर्थ तिला माहीत नाही असा नाही, कार्डाचं स्टेटमेंट तिलाही दिसतं. आईंना पण सांग, आणि बॉक्स माळ्यावर त्यांच्याच हातात दे, कुठे ठेवायचा ते त्या ठरवतील. फक्त आज संध्याकाळच्या फास्ट लोकलने आणू नकोस, भाले मोडतील. शनिवारी ऑफिस असतं तेव्हा दुपारच्या स्लोने आण, बसायला मिळतं, मांडीवर धरून.